धंदा बदलला, म्हणून दिलेला शब्द बदलत नाही

प्रति,
मुंबईच्या जमिनीचे, घरांचे आणि कामगारांचे निर्णय घेणारे सर्व शासनकर्ते व अधिकारी

विषय : गिरणगावातल्या माणसांना लेखी कबूल केलेली घरं, मैदानं आणि हक्काची सुट्टी

सविनय नमस्कार.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना ऐकू फार कमी येतं. कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आयुष्य काढलेल्या बहुतेकांचं असंच होतं. शेकडो साचे एका वेळी खडखडत असले की शेजारच्या माणसाशीसुद्धा हातवाऱ्यांनीच बोलावं लागायचं, आणि ती सवय त्यांना अजून आहे. गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं देणार, ही बातमी मी फोनवरून त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचली. त्यांनी तळहात उताणा करून बोटं हलवली. ही खूण आमच्या घरात सगळ्यांना कळते. किती लांब?

मी सांगितलं, कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे. सीएसएमटीपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "केईएमला कसं यायचं?"

दर पंधरा दिवसांनी त्यांना छातीसाठी परळच्या केईएम रुग्णालयात न्यावं लागतं. कापसाची धूळ छत्तीस वर्षं छातीत गेली आहे. आज आम्ही डिलाईल रोडवरून टॅक्सी करतो आणि थोड्या वेळात पोहोचतो. त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून केलेले आमचे अर्ज कुठे जातात ते आम्हाला कधी कळलेलं नाही.

आधी मी कोण ते सांगते. वडील संगमेश्वर तालुक्यातले. १९६४ मध्ये मुंबईला आले, गाववाल्यांच्या गाळ्यात एक खुंटी आणि एक पेटी ठेवण्यापुरती जागा मिळाली, आणि बदली पासवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, गिरणीत लागले. पुढे कायम झाले. १९८२ च्या संपानंतर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा घेतलं, आणि २००० मध्ये व्हीआरएसच्या (स्वेच्छानिवृत्तीच्या) कागदावर सही करून ते घरी आले. आई खानावळ चालवायची. मी गेली चौदा वर्षं एका ऑफिस टॉवरमध्ये हाउसकीपिंगचं काम करते, आता सुपरवायझर आहे. हा टॉवर एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. वडिलांच्या गिरणीच्या नव्हे, तिच्या शेजारच्या. माझा मुलगा मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोहोचवतो. म्हणजे कारखान्यांची मुंबई सेवा क्षेत्राची झाली असं तुमच्या अहवालांत जे लिहिलेलं असतं, ते सगळं आमच्या एका खोलीत राहतं.

मी धुराडी परत मागायला आलेली नाही, हे सुरुवातीलाच सांगते. साचे कायम चालतील अशी माझी समजूत नव्हती. भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आणि इथल्या बऱ्याच मालकांनी नफा नव्या यंत्रांत घालायचा सोडून दिला होता. धंदे बदलतात. पण गिरण्या संपाने बुडाल्या, कामगारांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, एवढ्या एका वाक्यात आमचा निकाल लावला जातो, ते मला मान्य नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बोनस ही मागणी होतीच, पण कामगारांची संघटना कोणती हे कामगारांनीच ठरवावं, ही त्यांची त्याहून खोलवरची मागणी होती. १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला होता, आणि ती आपली नाही असं रस्त्यावर उतरलेले लाखो लोक सांगत होते. संप मागे घेतला असं कोणी शेवटपर्यंत जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला.

माझ्यासाठी संप म्हणजे आईची वही. खानावळीत बावीस गडी जेवायचे, पाळीप्रमाणे दोन पंगतींत. कोण आला, कोण नाही, हे वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. जो आला नाही त्याच्या नावापुढे खाडा मांडायचा, म्हणजे महिनाअखेरीला तेवढे पैसे कापता येतात. जानेवारी संपता संपता खाडे वाढले. गडी एसटीने गावी जायला लागले. मार्चच्या पानावर खाडेच खाडे आहेत, आणि एप्रिलचं पान कोरं. आईने त्यानंतर मोठा टोप आणि पितळेची परात विकली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

हे सांगायला कारण आहे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी याच भागातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा कुठे कोणीतरी पहिल्यांदा त्यांना कष्टकरी म्हणून मोजलं. गिरणीच्या पटावर त्यांचं नाव कधीच नव्हतं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जे पटावर होते त्यांना घर, असा तुमचा निकष आहे. ज्यांनी त्या पटावरच्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घातलं त्या कुठल्याच यादीत नाहीत. माझी आई २००९ मध्ये गेली. तिच्यासाठी आता काही मागायचं नाही, पण ज्या आहेत त्यांच्यासाठी पुढे मागितलं आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार जमिनीची, आणि बाकीच्या सगळ्या हिच्यातूनच निघाल्या आहेत. मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली ६०० एकरांच्या आसपास जमीन. यातल्या बऱ्याच जमिनी कारखाना काढायचा, लोकांना काम द्यायचं म्हणून जुन्या काळात स्वस्तात किंवा भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. बंद गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे सरकारच्या घरबांधणी मंडळाला, सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा त्याचा अर्थ होता. चौथी-पाचवीतल्या मुलालाही हा हिशेब कळेल. ६०० भागिले ३. दोनशे एकर मोकळी जागा, दोनशे एकर घरं. शिवाजी पार्क २८ एकरांच्या आसपास आहे. म्हणजे दादर ते भायखळा या पट्ट्यात सात शिवाजी पार्क होण्याइतकी जागा कायद्याने आमच्या नावावर लिहिली होती.

मग काय झालं? दहा वर्षं पळवाटा निघाल्या. जुन्या इमारती न पाडता त्यांच्यातच ऑफिसं, दुकानं, हॉटेलं घातली की वाटणी द्यावी लागत नव्हती. आणि २००१ मध्ये नियमच बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. शेड पाडल्यावर जी मोकळी होईल ती धरायची नाही. ज्याने कधी गिरणी आतून पाहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो. गिरणीत मोकळी जागा असते कुठे? साचेखातं, रिंगखातं, ब्लो रूम, गोदामं, सगळं छपराखाली. मोकळं म्हणजे गेटापासून खात्यापर्यंतचा रस्ता आणि पाण्याची तळी. एका शब्दाचा अर्थ बदलून तुम्ही आमची मैदानं आणि घरं काढून घेतलीत. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला होता. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला. न्यायालयाचा मान राखूनच सांगते, नियम न्यायालयाने लिहिला नव्हता. तो मंत्रालयात लिहिला गेला होता, आणि तो पुन्हा नीट लिहायला तुम्हाला कोणी अडवलं नव्हतं.

त्याच काळात सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनीही लिलावात गेल्या. केंद्र सरकारच्या नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनने (एनटीसीने) २००५ मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली, कोहिनूर मिलची जागा ४२१ कोटींना. खाजगी मालकाने नफा पाहिला तर आम्ही समजू शकतो. सरकारी जमीनसुद्धा सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्यालाच द्यायची, हे मात्र मला आजही समजत नाही. बिल्डरांच्या जाहिरातींत लोअर परळचं नावसुद्धा अप्पर वरळी झालं.

दुसरी तक्रार घरांची. घरासाठी दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. २०१६ मध्ये दोनदा निघाली, २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोनची २,४१७. २०२० मध्ये ३,८९४. बेरीज करा, सोळा हजारसुद्धा होत नाहीत. कोनच्या घरांची सोडत लागलेल्यांनी चावीसाठी किती वर्षं वाट पाहिली ते तुमच्या फायलींत आहे. मधल्या काळात करोनात तिथे विलगीकरण केंद्र झालं, घरं खराब झाली, दुरुस्ती कोणी करायची यावर वाद झाले, आणि नावं लागलेली म्हातारी माणसं त्या वादातच गेली.

आमचं नाव कुठल्याच सोडतीत लागलं नाही. नशिबाचा भाग आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पात्रता ठरवण्यासाठी एका कार्यालयाने तेच कागद आमच्याकडून तीनदा मागितले. तिकीट नंबर, फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड, सर्व्हिसचा दाखला. तिसऱ्या वेळी सांगितलं, गिरणीकडून नवीन दाखला आणा. जी गिरणी पाडून वीस वर्षं झाली तिच्याकडून दाखला कुठल्या खिडकीवर मागायचा? वडील त्या दिवशी दोन तास बाकावर बसून होते आणि त्यांना तिथलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

आणि आता शेलू-वांगणी. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात १७ वं कलम असं होतं की ही घरं नाकारली तर कामगाराचा हक्कच संपेल. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा निघाला, भर पावसाळ्यात ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं काठी टेकत आली, तेव्हा ते कलम काढू असं तुम्ही सांगितलंत. ठीक आहे. पण कलम काढलं म्हणून घर जवळ येत नाही. कामगाराने भरायची रक्कम साडेनऊ लाख. २०२० च्या सोडतीत गिरणीच्याच जागेवरचं, मुंबईतलं घर साडेनऊ लाखांना होतं. तेवढ्याच पैशांत आता ऐंशी किलोमीटर लांब, ही कुठली सवलत? ज्यांना गावाजवळ, शांत जागी राहायचं आहे त्यांनी खुशाल तिकडे घ्यावं. ज्याची सून लोअर परळला कामाला आहे, नातवंडं इथल्या शाळेत आहेत आणि औषधं केईएमची चालू आहेत, त्याला तिकडे जायला सांगू नका.

मुंबईत जागा नाही असं म्हणू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना तिथल्या तिथे ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. आम्हाला त्यांचा हेवा नाही, आनंद आहे, त्यात आमचे सोयरे आहेत. मनावर घेतलं तर मुंबईच्या मधोमध कष्टकऱ्याला घर देता येतं, हे तुम्हीच दाखवून दिलंत.

तिसरी तक्रार माझ्या कामाची. हिच्यावर जरा जास्त लिहिते, कारण हिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. गिरणी कामगारांविषयी निदान भाषणं तरी होतात.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात पाच गोष्टी होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापेक्षा जास्त नाही. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाला तर पोटाची सोय. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज सगळा देश रविवारी घरी बसतो, त्यात या परळच्या माणसांचा वाटा आहे.

त्या पाच गोष्टींपुढे मी माझं काम मांडून दाखवते.

सुट्टी महिन्याला चार, पण कागदावर. एक बाई आली नाही की दुसरीला डबल ड्युटी, आणि नाही म्हटलं की उद्यापासून येऊ नको. विश्रांती आहे, पण बसायला जागा नाही. आम्ही अकरा बायका तळघरात पंपाच्या खोलीबाहेर पुठ्ठे पसरून डबा खातो. बाविसाव्या मजल्यावरचे नळ, आरसे, भांडी आम्ही चकचकीत ठेवतो, पण तिथलं बाथरूम आम्ही वापरायचं नाही. सामानाच्या लिफ्टने खाली जाऊन यायचं. पाळी चालू असेल तेव्हा काय होतं ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही, पण तुम्हाला वाचताना वाटावा. कामाचे तास बारा. पगाराची तारीख ठरलेली नाही. वरून बिल पास झालं नाही असं सांगतात, आणि वीस तारीख उजाडते.

सर्वांत मोठी गोष्ट सांगायची राहिली. त्याच इमारतीत, त्याच मजल्यांवर मला चौदा वर्षं झाली. कागदावर मी दर वेळी नवीन आहे. ठेकेदार बदलतो, नवा गणवेश येतो, नवा फॉर्म भरायचा, जुनी नोकरी शून्य. पाच वर्षं सलग एका नावाखाली होत नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही. फंडाचे तुकडे तीन ठिकाणी पडले आहेत. माझे वडील बदली कामगार होते तेव्हासुद्धा त्यांच्या पासवर तारीख असायची, आणि त्या तारखेवरून कायम होण्याचा नंबर लागायचा. बदलीवाल्यालासुद्धा रांगेत जागा होती. मला सुपरवायझर म्हणतात, पण रांगच नाही.

मुलाचं सांगते. गेल्या पावसाळ्यात महालक्ष्मीजवळ त्याची गाडी घसरली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे घरी होता. विम्याचा फॉर्म ॲपमध्ये भरायचा होता, आणि काही दिवस काम घेतलं नाही म्हणून त्याचा आयडीच बंद झाला होता. फोन करून बोलायला माणूस नाही. १८८४ चा पाचवा मुद्दा माझ्या मुलाला १४० वर्षांनंतरही मिळालेला नाही.

ऑफिसात येणारी तरुण मुलं-मुली आमची शत्रू नाहीत, हेही लिहून ठेवते. त्यातली कित्येक विरार, डोंबिवलीहून लटकत येतात. कित्येकांचे आजोबा गिरणीतच होते. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. बाहेर पाऊस होता, लोक जिन्यावर थांबले होते, आणि मागून लोकलची गर्दी येत होती. माझी पाळी सहाची होती म्हणून मी त्या वेळी टॉवरमध्ये होते. गिरण्यांच्या जागी एवढी ऑफिसं उभी राहिली, त्यांतल्या प्रत्येक खुर्चीसाठी एक माणूस रोज येणार-जाणार, हे परवानगी देताना दिसत नव्हतं का? त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिल कंपाउंडमध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जीव गेले. पुढच्या वर्षी लोअर परळचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला, तो २०२३ अखेर पूर्ण खुला झाला. पाच वर्षं आम्ही वळसे घातले, वडिलांना केईएमला नेतानासुद्धा. कापड गेलं आणि सेवा आली, पण सेवेला येणाऱ्या माणसासाठी रस्ता, पूल, संडास, सावली यांतलं काही आलं नाही. फक्त इमारत आली.

मागण्या अशा आहेत.

गिरणी कामगारांना घर मुंबईतच द्या. टाटा मिल, पोदार मिल यांसारख्या एनटीसीच्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीपासून बंद आहेत. ती जमीन सार्वजनिक आहे. केंद्र सरकारशी बोला, ती आणखी कुणाच्या बोलीवर जायच्या आधी तिथे कामगारांची घरं किती बसतात याचा आराखडा जाहीर करा. ७५ वर्षांवरच्या कामगारांचा आणि विधवांचा नंबर आधी लावा, त्यांना सोडतीच्या नशिबावर सोडू नका. कागद तपासायचं काम एकदाच, त्यांच्या घरी येऊन करा. बंद गिरणीचा दाखला मागू नका. फंडाच्या कार्यालयात नोंदी आहेत, त्या तुम्ही मिळवा. आणि शेलू-वांगणी नको म्हणणाऱ्याचा हक्क शाबूत आहे हे तोंडी नको, सुधारित शासन निर्णयात लिहून द्या.

एक तृतीयांशाचा हिशेब द्या. ५८ गिरण्या, प्रत्येकीचं एकूण क्षेत्र, १९९१ च्या नियमाने किती देणं होतं, २००१ नंतर किती मिळालं, ती जागा आज कुठे आहे आणि तिथे काय चालू आहे, एवढं मराठीत छापा. जिथे बाग किंवा मैदान म्हणून दिलेली जागा कुंपणाआड आहे तिथलं फाटक उघडा.

कंत्राटी सफाई कामगारांसाठी आणि पार्सलवाल्यांसाठी मंडळ करा. हे महाराष्ट्राला नवीन नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळात नोंद मिळाली. मालक कुठलाही असो, मजुरी आणि लेव्ही (मालकाने मजुरीवर भरायची जादा रक्कम) मंडळात जमा, तिथून फंड, रजा, औषधपाणी. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही तसंच मंडळ झालं. आमच्या टॉवरच्या गेटावर मंडळाचा रक्षक उभा राहू शकतो, तर आतल्या झाडूवालीची नोंद मंडळात का होऊ नये? ठेकेदार बदलू दे, नोकरीची तारीख मंडळाच्या वहीत एकच राहील. पार्सलवाल्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. माथाडीचा कायदा ज्या राज्याने सगळ्यांच्या आधी केला त्याने इतक्या मागे राहू नये.

भोगवटा प्रमाणपत्र देताना एक अट घाला. इमारतीत जितके कंत्राटी कामगार काम करणार तितक्यांना जेवायला, कपडे बदलायला खोली आणि ते काम करतात त्या मजल्याजवळ संडास असला पाहिजे. अग्निशमनाची अट असते तशीच ही. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात लिहिला. आमच्यासाठीही तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहा, आणि तपासायला माणूस पाठवा. येताना सांगून येऊ नका.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर कापड गिरण्यांचं संग्रहालय व्हायचं आहे. बरीच वर्षं त्याबद्दल ऐकतो आहोत. ते पूर्ण करा, आणि त्यात यंत्रांच्या बरोबरीने खानावळवाल्या बायकांना जागा द्या. ज्या हयात आहेत त्यांची नावं, त्यांची कामं नोंदवून घ्या आणि कष्टकरी म्हणून त्यांना निवृत्तिवेतन द्या. आईची वही मी द्यायला तयार आहे. मार्च १९८२ चं पान उघडं ठेवा.

यातली एकही मागणी फुकट नाही, हे मला कळतं. पण ६०० एकरांवर जे उभं राहिलं त्यातून जो पैसा आला त्यापुढे ही मोठी नाही. आमची भाषा कुठे कडक झाली असेल तर ती रागाची समजा, अपमानाची नको.

या पत्राची एक प्रत आमच्या चाळीच्या जिन्याजवळच्या फळ्यावर लावली आहे. तुमचं उत्तर आलं की तेही तिथेच लावू. वडील रोज सकाळी कठड्याला धरून खाली उतरतात आणि फळ्यावर काय नवीन आहे ते बघतात. त्यांना ऐकू येत नाही, चष्म्याचा नंबरही वाढला आहे. उत्तर मराठीत लिहा आणि अक्षरं मोठी ठेवा.

आपली,
एका साचेवाल्याची आणि एका खानावळवालीची मुलगी
डिलाईल रोड, मुंबई